झील धरायची नाही

(सातपूरच्या कारखान्यांमागची कामगार वस्ती. साल १९८१. रविवारची सकाळ, शकुबाईच्या घराचा ओटा. तिचा नवरा मल्हारी पितळी तांब्यात निखारे घालून शर्टाला इस्त्री करतो आहे. समोर त्याचा जुना मित्र सावळीराम, कामगार संघटनेचा चिटणीस.)

सावळीराम : ते काही नाही, वहिनी. उद्या दवाखान्याच्या पाहणीआधी तुमच्या हातात झाडू दिसला तर मी संघटनेचा राजीनामा देईन. झाडू, शेण, रांगोळी, सगळं घरात कडी लावून ठेवा.

शकुबाई : आवो भाऊजी, घाण काय एकट्या मीच काढली व्हती का? आन् हार कोणी आणले व्हते?

सावळीराम : हार संघटनेच्या शिस्तीप्रमाणे आणले होते.

शकुबाई : मोठ्या साहेबाच्या गळ्यात घालताना वाकले किती व्हते! मला वाटलं कंबर धरली. आता भाऊजींनाच दवाखान्यातल्या टेबलावर निजवावं लागतंय.

मल्हारी : खरंय.

सावळीराम : हस तू. तुला हसायला येतं. मागच्या खेपेला काय झालं ते आठवतंय का दोघांना? आपला विम्याचा दवाखाना. विम्याचे पैसे पगारातून कापून घेतात, आपल्याला विचारतसुद्धा नाहीत. आणि देतात काय? पत्र्याची शेड. एक डॉक्टर. तो येतो तेव्हा पहिल्या पाळीचा माणूस मशीनवर असतो आणि रात्रपाळीचा झोपलेला. पाच वाजता कुलूप. छत गळतं, मोरीचं पाणी इंजेक्शनच्या टेबलाखाली साचतं. हे सगळं डोळ्यांनी बघा म्हणून आपण पाहणीला साहेब लोक बोलावले. आणि आदल्या दिवशी तुम्ही सगळ्या बाया बादल्या घेऊन गेलात आणि त्या शेडचा पार बुद्धविहार करून टाकलात!

शकुबाई : पाहुणा येणार म्हटल्यावर घाण ठेवायची?

सावळीराम : पाहुणा नव्हता तो! पाहणी होती!

शकुबाई : तुमाला फरक कळतो, तुमी मॅट्रिक. आमच्यात परका माणूस येणार म्हटलं की बाई आधी ओटा सारवती, मग इचारती कोण येतंय.

सावळीराम : सारवलंत ते सारवलंत, पेशंट कुठे लपवलेत? बायडाबाईच्या सासऱ्याला तिकडे नाशकात द्वारकेला तिच्या भावाकडे धाडून दिलंत. चतुराबाई तापानं फणफणलेली, तिला मागच्या खोलीत घालून वर गोधड्या टाकल्यात.

शकुबाई : आलेल्या माणसापुढं खोकणारं म्हातारं बसवायचं का? लाज वाटती.

सावळीराम : लाज! आणि मग अहवालात काय आलं? दवाखाना स्वच्छ आढळला. रुग्णांची गर्दी आढळली नाही. वस्तीतील लोक निरोगी व समाधानी दिसले. सबब दुसऱ्या डॉक्टरची आणि संध्याकाळच्या वेळेची गरज नाही. वर आणखी, जाताना मोठे साहेब मला म्हणाले, चहा फार छान होता हो.

शकुबाई : आलं घातलं व्हतं.

मल्हारी : शकू.

शकुबाई : काय शकू? घातलं व्हतं ते घातलं व्हतं. मला काय कळत नाय का भाऊजी? आपला पुंजा गेला त्या सांजंला दवाखान्याला कुलूप व्हतं. छातीत कळ आलेला माणूस पायरीवर बसून गेला. ते कुलूप मी त्याच्या आधी चिंचंनं घासलं व्हतं. कसं लखलखत व्हतं. त्याची बायको त्या कुलपावर डोकं आपटत व्हती आन् मला त्या चकाकीचा राग येत व्हता. तुमी मला आता आणखी काय सांगणार?

सावळीराम : मग तेच म्हणतोय मी. पुंजाच्या नावानं आपण रस्त्यावर आलो. नुसते कामगार नाही, मास्तर आले, भाजीवाल्या आल्या, त्र्यंबक रोडवर अख्खी वस्ती बसली. तेव्हा कुठे दुसरी समिती उद्या येते आहे. ही शेवटची. ह्यांनीही 'समाधानी' लिहिलं की विषय संपला. म्हणून ह्या वेळी पक्कं ठरवलंय. ऐका. कुणी आंघोळ करायची नाही.

शकुबाई : काय म्हणले?

सावळीराम : आंघोळ नाही. फाटके कपडे घालायचे. ज्याला दुखत नाही त्यानंही डोक्याला पट्टी बांधायची. बाजा रस्त्यावर टाकायच्या, त्यावर माणसं निजवायची. बायांनी जरा रडायचं. साहेबांच्या पोटात गोळा आला पाहिजे.

शकुबाई : नाय.

सावळीराम : ऐकून तर घ्या.

शकुबाई : ऐकलं. नाय म्हणते. भाऊजी, माझी सासू गावात व्हती तवा आमच्या लोकांना मेलेलं ढोर ओढायला लावायचे. ते सोडलं. गावकी सोडली, मागून आणलेली भाकर सोडली. नेसायला एकच लुगडं व्हतं तरी बाई रोज नदीवर धुवायची, वाळंस्तोवर झुडपाआड बसायची, पण मळकं नेसून गावात फिरली नाय. कशापायी? तुमी घाण हाय, तुमी घाण हाय, हे ऐकून कान किटले व्हते म्हणून. आन् आता तुमी मला सांगता, उद्या घाण व्हा, म्हंजे साहेबाला दया येईल? साहेबाची दया गेली चुलीत! मी पांढरं पातळ नेसणार. कडक. वस्तीतली एकूण एक बाई नेसणार. डोक्याला तेल लावून.

सावळीराम : मग ते पुन्हा लिहितील, समाधानी दिसले.

शकुबाई : लिहू द्या. मी त्यांचा हात धरीन लिहिता लिहिता.

सावळीराम : वहिनी, तुमचा मुद्दा मला मान्य आहे. तात्त्विकदृष्ट्या.

शकुबाई : ते तुमचं ताक घरी घुसळा. मला सोपं सांगा.

सावळीराम : सोपं सांगतो. धुतलेला माणूस त्यांना आजारी दिसतच नाही. डोळेच नाहीत त्यांना तसले. मल्हारी, तू बोल काहीतरी. इस्त्री काय करत बसलायस मघापासून? कोणाच्या लग्नाला जायचंय?

मल्हारी : उद्याला.

सावळीराम : उद्या तू येणार आहेस? वा. येऊन काय करणार? गेल्या मोर्चात मागे उभा होतास खांबाला टेकून. त्याच्या आधीच्या मोर्चात आलाच नाहीस. एके काळी तू घोषणा दिलीस की कारखान्याच्या भोंग्याला लोक घड्याळ लावायचे तसे तुझ्या आवाजाला लावायचे. आता तोंडातून शब्द निघत नाही. बोललास तर एक शब्द, फार तर दोन.

मल्हारी : पुरतात.

सावळीराम : पुरत नाहीत! लोक काय बोलतात माहीत आहे तुला? मल्हारी मालकाला फुटला. मालकानं तोंडाला बूच मारलं.

शकुबाई : कोण म्हणतं? नाव सांगा. आत्ता जाते त्याच्या दारात.

मल्हारी : बस खाली.

शकुबाई : का बसू? सांगा त्यांना. तुमाला सांगता येत नसंल तर मी सांगते.

मल्हारी : शकू. नको.

शकुबाई : लोक फितूर म्हणले तरी चालंल, पण आजारी म्हणायला नको. असला शहाणपणा! भाऊजी, ह्या माणसाला दम नाय राहिला. घोषणा कुठून देईल? रात्रभर भिंतीला टेकून बसतो, आडवं झालं की छाती दाबती. मोरीपासून ओट्यावर येईस्तोवर दोनदा थांबतो. एक शब्द बोलतो, कारण दुसऱ्याला वारा नाय!

सावळीराम : मल्हारी?

मल्हारी : झालं तुझं? सांगितलंस?

सावळीराम : कधीपासून?

मल्हारी : माल घासायच्या खात्यात. किती वरसं झाली? धूळच ती. नाकात, दातात. दोन सालं झाली. जास्ती.

सावळीराम : आणि डॉक्टर काय म्हणतो? दर रजेनंतर तुला फिट असल्याचा दाखला मिळतो, मी स्वतः पाहिलाय. हा मनुष्य दाखला कसा देतो तुला?

मल्हारी : मी देववतो. दाढी करून जातो. इस्त्रीचा शर्ट. बाहेर बाकावर बसतो. दम बसंस्तोवर. मग आत. तो मान वर करत नाय. काय होतंय? सर्दी. शिक्का.

सावळीराम : छातीला नळी लावत नाही?

मल्हारी : मळक्या माणसाला लावतो. कधीमधी. माझी कॉलर बघतो, शिक्का मारतो.

सावळीराम : पण का, मल्हारी? तू संघटनेचा माणूस. सांगायचंस. आपण लढलो असतो.

मल्हारी : कशाच्या जोरावर? नियम माहिती हाय ना? तूच शिकवला. आजारी ठरला की काम गेलं. काम गेलं की विमा गेला.

शकुबाई : भूक नाय तवर ताट वाढायचं, भूक लागली की ओढून घ्यायचं. असला ह्यांचा विमा. आन् ताटावर एकटा हा नाय. आमच्या लतीला झटके येतात, तुमाला ठावं हाय. त्या विम्याच्या गोळीवर पोरगी शाळंत जाती. गोळी चुकली की परातीवर पडती, चुलीवर पडती. बापाचं काम गेलं, तर पोरीची गोळी गेली. म्हणून हा माणूस दाढी करून मरतोय.

सावळीराम : मी... मल्हारी, ते फुटला वगैरे... परवा हॉटेलात...

मल्हारी : तूच बोलला. माहिती हाय. मी बाहेर उभा व्हतो. दम खात.

सावळीराम : मग आत येऊन थोबाडीत का नाही मारलीस?

मल्हारी : पायऱ्या व्हत्या.

शकुबाई : घ्या. आन् ह्यावर हसायचं का रडायचं ते संघटनेनं ठराव करून कळवा.

सावळीराम : हसू नका वहिनी. मला आठवतंय आता. गेल्या जयंतीला आपल्या गायन पार्टीचं गाणं होतं. हा पुढे, मी मागे झीलकरी. हा प्रत्येक ओळीच्या मध्येच थांबायचा. मला वाटलं, दोस्त आहे, मला मोठेपणा देतोय. मी उरलेली ओळ उचलायचो, छाती फुगवून. लोकांना वाटलं काय रंगलंय गाणं.

मल्हारी : झीलकऱ्याचं कामच ते. पुढच्याचा दम गेला. मागच्यानं झाकायचं.

सावळीराम : मी झाकत होतो आणि मलाच माहीत नव्हतं. मल्हारी, ऐक माझं. आपल्या मागण्यांत पहिली कुठली आहे? आजारामुळे काम सुटलं तर विमा सुटू नये, कामगाराचा नाही आणि घरच्यांचाही नाही. गेली दोन वर्षं मी हे साहेबांना सांगतो आहे आणि ते विचारतात, असा एक तरी मनुष्य दाखवा. मी म्हणतो, आहेत. ते म्हणतात, कुठे आहेत? आणि तू माझ्या समोर... तू उद्या उभा राहशील का?

शकुबाई : थांबा. हे इचारायचं नाय.

सावळीराम : वहिनी, एकदा उभा राहिला तर...

शकुबाई : एकदा उभा राहिला तर परवा त्याला गेटातून आत घेणार नाय. तुमची मागणी मान्य व्हईल तवा व्हईल. ह्या पुडीतल्या गोळ्या सरल्या की लतीनं काय खायचं? तुमचं निवेदन?

सावळीराम : संघटना वर्गणी काढेल. मी शब्द देतो. पोरीच्या गोळ्या...

मल्हारी : वर्गणी नको.

सावळीराम : अरे, भाऊबंदांची वर्गणी...

मल्हारी : पगार माझा कापला. इतकी वरसं. मी भीक भरली नाय तिथं. हक्क भरलाय. पोरगी हक्काची गोळी खाईल. वर्गणीवर जगायचं तर... मग हा विमा... कशाला...

शकुबाई : बसा. पाणी घ्या. आधी घोट घ्या, मग भांडा.

सावळीराम : बरं. वर्गणी नाही. मग मी तुला काय सांगू? माझी जीभ उचलत नाही आता. तू घरी राहा. मी उद्या नेहमीचं बोलेन. संबंधित कामगार, संबंधित कुटुंब. लिहू देत काय लिहायचं ते.

मल्हारी : पुंजाच्या पायरीवरनं मीबी गेलो व्हतो. त्या सांजंला.

शकुबाई : कवा?

मल्हारी : तुला सांगितलं नाय. पाळी सुटली. दम लागला व्हता. म्हटलं दवाखान्याच्या पायरीवर टेकू. तिथं पुंजा बसला व्हता. म्हणला, मल्हारी, वरड कुणाला तरी. तुझा आवाज मोठा हाय.

शकुबाई : आन्?

मल्हारी : वरडलो. निघाला नाय आवाज.

शकुबाई : आवो...

मल्हारी : पुंजाला वाटलं असंल, वरडलाच नाय. म्हणून उद्या जातोय. सावळ्या, तू इचारायच्या आधीच. ही इस्त्री कशाची वाटली तुला?

शकुबाई : मला न इचारता?

मल्हारी : तुला इचारायलाच बसलोय. सकाळपासून. हा मधी आला.

शकुबाई : आन् लती?

मल्हारी : तेच इचारतोय.

शकुबाई : आता सगळं सांगून झाल्यावर इचारता, व्हय! थांबा. जरा थांबा, मला बोलू द्या. ... काम गेलं, तर मी लतीला घेऊन दवाखान्यात जाईन. एकटी नाय. बायडाबाई, चतुराबाई, पुंजाची बायको, सगळ्या. दारातच बसू. गोळी द्या न्हाय तर आमच्या अंगावरनं दवाखाना बंद करून दाखवा. रोज जाऊ. तवा बघू पाच वाजता कुलूप कोण लावतंय. पण एक हाय. बाजंवर निजायचं नाय तुमी.

मल्हारी : नाय निजत.

शकुबाई : पट्टी नाय, मळकी बंडी नाय.

मल्हारी : दाढी करणार. हाच शर्ट.

सावळीराम : पण मग दाखवायचं काय? कडक इस्त्रीतला मनुष्य उभा केला तर साहेब म्हणतील, पैलवान आणलात की!

मल्हारी : मागच्या खेपेला स्वागताचं गाणं व्हतं ना?

सावळीराम : शाळेच्या मुलींनी म्हटलं. साहेबांनी मान डोलावली.

मल्हारी : उद्याला मी म्हणणार. पार्टीसकट. ढोलकी, टाळ. तू मागं. नेहमीसारखा.

सावळीराम : तुला दोन शब्द बोलवत नाहीत आणि तू गाणार?

मल्हारी : बांधलंय एक. रात्री बसल्या बसल्या. झोप कुठं येती. साहेबानं बोलताना मधी तोडलं तर तोडता येतं. गाण्यात माणूस थांबतो. ऐकतो. भिडंखातर.

शकुबाई : पण दम...

मल्हारी : जाईल. जिथं जाईल तिथं जाईल. सावळ्या, आता नीट ऐक. दम गेला की तू काय करशील?

सावळीराम : झील धरीन. ओळ उचलीन. जन्मभर केलं आहे.

मल्हारी : धरायची नाय.

सावळीराम : म्हणजे?

मल्हारी : कुणीच धरायची नाय. ढोलकी थांबंल. टाळ थांबंल. तू तोंड मिटून. मी उभा राहीन. वारा परत येईस्तोवर. किती बी येळ लागू दे. साहेबानं बघायचं. मग मी पुढची ओळ.

शकुबाई : सगळ्यांच्या म्होरं?

मल्हारी : तुमी दवाखाना घासला. चतुराबाईवर गोधड्या टाकल्या. मी दाढी केली. ह्यानं झील धरली. लय झाकलं आपण.

सावळीराम : आणि दवाखाना, वहिनी?

शकुबाई : दवाखाना जसा हाय तसा. त्याला कुणी बोट लावायचं नाय. घाण त्यांची हाय, त्यांनी बघावी. आमी धुतलेल्या जाऊ. आन् खोकणारी, तापलेली, सगळी माणसं म्होरच्या रांगंत. धुतलेल्या कपड्यात. चहा नाय.

सावळीराम : चहासुद्धा नाही?

शकुबाई : चहा नाय म्हटलं ना! ... पाणी देऊ. पाण्याला नाय म्हणू नये.

सावळीराम : मल्हारी, मला जमेल असं वाटत नाही. तू थांबलास की माझं तोंड आपोआप उघडतं. सवय आहे.

मल्हारी : म्हणून आत्ता म्हणू. मोड सवय.

शकुबाई : आत्ता? आताच दम लागला व्हता तुमाला.

मल्हारी : उद्याला बी लागंल. ऐका.
भट्टीला तुझ्या मी दिला वारा माझ्या छातीच्या भात्यानं,
भाता फाटता माझा, साहेबा...

सावळीराम : ...हाकलशी कोण्या नात्यानं! ... चुकलो. निघून गेलं तोंडातून.

शकुबाई : माझ्या बी व्हटावर आलं व्हतं. कसं राहवतं माणसाला गप?

मल्हारी : राहावं लागंल. पुन्हा.

सावळीराम : अर्ध्या तासानं म्हण. ओठ निळे पडलेत तुझे.

मल्हारी : पुन्हा. तोंड मीट.
भट्टीला तुझ्या मी दिला वारा... माझ्या छातीच्या भात्यानं,
भाता फाटता...

सावळीराम : ...

शकुबाई : ...

मल्हारी : ...

सावळीराम : वहिनी...

शकुबाई : गप ऱ्हावा.

मल्हारी : ...माझा, साहेबा...

शकुबाई : ...

सावळीराम : ...

मल्हारी : ...हाकलशी... कोण्या नात्यानं.

सावळीराम : मी धरली नाही. मल्हारी, बघ, मी धरली नाही.

मल्हारी : हां. असंच. उद्याला.

शकुबाई : तो शर्ट द्या इकडं. कॉलर राहिली हाय. निखारे अजून हाईत.